तळ्यातला गाळ

आश्विनाच्या महिन्यात साकोलीहून लाखांदूरकडे किंवा अर्जुनी मोरगावकडे आपण निघालात, तर वाटेत तळे लागल्याशिवाय राहत नाही. एका बाजूला उंच मातीची पाळ, पाळीवर मोठाली झाडे, खाली पिवळसर होत चाललेल्या धानाच्या बांध्या, आणि पाळीवर चढून पाहिले की पलीकडे पाणीच पाणी. पाण्यावर कमळाची पाने, शिंगाड्याच्या वेली, काठाकाठाने लव्हाळे. आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण अशा पाळीवर गेले आहे. त्यामुळे या दृश्यात नवल करण्यासारखे काही आहे, असे आपल्याला वाटत नाही.

पण जरा थांबून विचार करा. हेच तळे वैशाखात कसे दिसते? पाणी मध्यभागी डबक्याएवढे उरते. काठचा गाळ वाळून त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जिथे आश्विनात कमळ डोलत होते, तिथे गुरे चरतात. आणि मृगाचा पाऊस पडून गेला, की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तीच पाने, तीच फुले. मासा पाण्याबाहेर काढला तर मरतो आणि गहू पाण्यात बुडवला तर कुजतो. मग ही झाडे वर्षातून एकदा बुडतात, एकदा भाजून निघतात, तरी जगतात कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन इतिहास आपल्या हाती लागतात. एक माणसांचा, सुमारे तीनशे वर्षांचा. दुसरा वनस्पतींचा, कोट्यवधी वर्षांचा. आज दोहोंविषयी थोडे बोलू.

आधी माणसांचा इतिहास घेऊ. भंडारा जिल्हा तळ्यांचा जिल्हा म्हणून जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा काही मोठी तळी तिकडे गेली. पण तळ्यांची परंपरा एकच. ही तळी बांधणारे लोक मुख्यतः कोहळी समाजाचे. ऊस आणि धान पिकवण्यात व पाणी अडवण्यात त्यांचा हातखंडा. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला होता, तिथे त्याने या लोकांचे तळी बांधण्याचे कसब पाहिले आणि त्यांना आपल्या मुलखात आणले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतला तपशील कोणी तपासून दिलेला नाही, पण तळी तर डोळ्यांसमोर आहेत. नवेगाव बांधचे विस्तीर्ण तळे अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधले, असे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. लोकांनी त्या पाटलाला पुढे देवच केले. कोलासूर देव या नावाने तळ्याभोवतालच्या एका टेकडीवर त्याचे ठाणे आहे. तळे बांधणाऱ्याचा देव होतो, यावरून या मुलखात पाण्याची किंमत काय होती ते समजावे.

या कारागिरांनी बांधकामाचे शास्त्र कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. डोंगराचा उतार कुठे आहे, ओढा कुठून येतो, कोणत्या दोन टेकड्यांमध्ये पाळ घातली म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे ते नजरेने ओळखीत. पाळ मातीची. पाणी सोडण्याच्या मोरीला इकडे तुडुम म्हणतात, आणि जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडीला सलंग. लहान तळ्याला बोडी म्हणतात. एका तळ्याचे पाणी सलंगीवरून ओसंडले की खालच्या तळ्यात जावे, अशी साखळीच कित्येक ठिकाणी आहे. पुढे इंग्रजी अमलात गावचे मालगुजार हे जमिनीचे आणि तळ्यांचे मालक ठरले, म्हणून या तळ्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांत मिळून अशा तळ्यांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात सांगतात.

आता आपल्या विषयाचा मुख्य मुद्दा येतो. कोहळ्यांनी तळे बांधले ते धानासाठी. परंतु नकळत त्यांनी वनस्पतींसाठी एक मोठे घर बांधून ठेवले. पाळीच्या बाजूला पाणी खोल, समोरच्या बाजूला जमीन हळूहळू चढत जाते, त्यामुळे पाणी उथळ होत जाते. पाळीजवळ बारा महिने पाणी, मध्ये आठ-नऊ महिने, काठाला तीन-चार महिनेच. एकाच तळ्यात अशी चार-पाच तऱ्हेची वस्ती तयार झाली. तळी नव्हती तेव्हा या वनस्पती वैनगंगा, चुलबंद, गाढवी अशा नद्यांच्या डोहांत आणि पुराच्या पाण्याने भरणाऱ्या खोलगट जागांत राहत असणार. पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून, पुराबरोबर वाहून, माणसांच्या हातूनही त्या नव्या तळ्यांत पोचल्या आणि जिला जशी जागा मानवली तशी ती वसली.

मात्र एक गोष्ट शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावी. या वनस्पतींचे पाण्यातले कसब तीनशे वर्षांत आलेले नाही. हिरव्या वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्याला सुमारे ४५ कोटी वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लोटला. फुले येणाऱ्या वनस्पती जमिनीवरच विकास पावल्या. त्यांतल्या काही कुळांनी पुन्हा पाण्याची वाट धरली. म्हणजे कमळ हे पाण्यात राहिलेल्या झाडाचे लेकरू नसून, जमिनीवरून परत पाण्यात गेलेल्या झाडाचे आहे. आणि माहेरच्या खुणा अंगावर राहतात, तशा जमिनीच्या खुणा या वनस्पतींनी सोडलेल्या नाहीत. बहुतेकींचे फूल अजूनही पाण्याच्या वरच उमलते.

कमळाचेच पाहा. त्याचा कंद गाळात रुतलेला. गाळात हवा नाही, आणि मुळांना तर श्वास पाहिजे. यावर उपाय काय? कमळाचा देठ मोडून पाहा, आत उभ्या नळ्या दिसतील. उन्हाने पान तापले की पानातली हवा दाबाने या नळ्यांतून खाली कंदापर्यंत जाते आणि दुसऱ्या मार्गाने वर परत येते. लोहाराच्या भात्यासारखीच ही सोय. साध्या झाडांच्या पानांना श्वासाची छिद्रे बहुधा खालच्या अंगाला असतात. कमळाला ती वरच्या अंगाला आहेत, कारण पाण्यावर टेकलेल्या पानाची खालची बाजू त्या कामी काय उपयोगाची? वरची छिद्रे पाण्याने बुजू नयेत म्हणून पानावर मेणाचा थर आणि अतिसूक्ष्म उंचवटे आहेत. त्यामुळेच कमळपत्रावर पाण्याचा थेंब ठरत नाही. आपल्या संतांनी आणि कवींनी तो दृष्टांत शेकडो वेळा दिला, त्यामागचे कारण हे आहे.

बीजाची गोष्ट तर अधिक नवलाची. कमळाच्या बीचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. चीनमधल्या एका आटलेल्या प्राचीन तळ्याच्या गाळातून मिळालेली कमळाची एक बी सुमारे १३०० वर्षांपूर्वीची ठरली आणि ती रुजलीही. १९९५ साली शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केले. एक-दोन दुष्काळांनी कमळ नष्ट का होत नाही, ते यावरून लक्षात येईल.

आणखी एक गंमत सांगतो. कमळ आणि कुमुदिनी या दोन्ही आपल्याला बहिणी वाटतात. पान गोल, फूल देखणे, राहणी एक. परंतु वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाल्यावर असे आढळले की दोघींचे नाते फार दूरचे आहे. काश्मीरचा प्रसिद्ध चिनार हा कुमुदिनीपेक्षा कमळाला जवळचा! दोन निरनिराळ्या घराण्यांतल्या वनस्पती एकाच तऱ्हेच्या पाण्यात राहू लागल्या आणि त्याच अडचणींवर त्याच युक्त्या काढता काढता सारख्या दिसू लागल्या. उत्क्रांती म्हणतात ती हीच. कोणी झाडाला शिकवीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ती जागा मानवली त्यांचे बी टिकले, ज्यांना मानवली नाही त्यांचे गेले.

आता पाण्याच्या आत पाहू. तळ्यात लांब फितीसारख्या पानांचे एक गवत वाढते. वनस्पतिशास्त्रात त्याला व्हॅलिस्नेरिया म्हणतात. याचे सगळे अंग पाण्यात. मग फळधारणा कशी व्हावी? नर फुले अगदी बारीक असतात. ती तळाशीच देठापासून सुटतात आणि वर येऊन पाण्यावर होडीसारखी तरंगू लागतात. मादी फूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येऊन थांबलेले असते. वाऱ्याने वाहत एखादी होडी तिथे लागली की काम झाले. मग तो देठ स्प्रिंगेसारखा गुंडाळतो आणि फळ पाण्याखाली ओढून नेतो. आंबुली नावाची वनस्पती आपल्या धानाच्या बांध्यांतही असते. तिची पाण्यातली पाने केसासारखी चिरलेली आणि पाण्याबाहेरची अखंड. एकाच झाडाला दोन तऱ्हेची पाने. शिंगाडा आपल्या देठातच हवेचे फुगे बांधून घेतो, आणि त्याच्या फळाचे काटे त्याला गाळात रोवून ठेवतात. काही तळ्यांत एक पिवळ्या फुलाची वनस्पती तरंगते, तिला मूळच नाही. पाण्यात पोषण कमी, म्हणून ती बारीक पिशव्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. पिशवीचे दार एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत उघडून मिटते. डार्विनने १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात या पिशव्यांची चर्चा आहे.

परंतु शेतकरी बांधवांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वनस्पती काठाला उभी आहे. तिला आपण देवधान म्हणतो. कोणी पेरीत नाही, कोणी कापीत नाही, म्हणून ते देवाचे. लांब तुसाचे हे धान दिसायला आपल्या धानासारखे, पण दाणा पिकला की लगेच गळतो. हे आपल्या लागवडीच्या धानाचे रानटी भाऊबंद होय. याच्या दोन जाती आहेत आणि त्या दोघींत तळ्याच्या पाण्याचा सगळा हिशेब लिहिलेला आहे. जिथे पाणी खोल आणि बराच काळ टिकणारे, तिथली जात वर्षानुवर्षे जगते, बुडख्यातून पुन्हा फुटते, दाणे थोडे धरते. जिथे पाणी पौषापर्यंत आटून जाते, तिथली जात एका वर्षाची. ती घाईने फुलते, भरपूर दाणे टाकते आणि मरते. उन्हाळा तिच्या वतीने दाणेच काढतात, गाळाच्या भेगांत पडून. या वर्षायू जातीला शास्त्रीय नाव मिळाले तेही आपल्याच देशातल्या अभ्यासकांकडून, शर्मा आणि शास्त्री यांच्याकडून, १९६५ साली.

आता शेतातले धान गळत नाही आणि देवधान गळते, हा भेद कुठून आला? रानात गळणे हाच गुण, कारण त्याशिवाय बी मातीत जाणार कसे? पण हजारो वर्षांपूर्वी ज्या माणसांनी प्रथम लोंब्या खुडून घरी आणल्या, त्यांच्या हाती न गळलेलेच दाणे अधिक लागले. तेच त्यांनी पुढच्या वर्षी पेरले. असे होत होत न गळणारे धान शेतात राहिले. २००६ साली शास्त्रज्ञांनी या गळण्यामागच्या एका मोठ्या कारणाचा छडा लावला. आनुवंशिक द्रव्यातले एकच अक्षर बदलल्याने हा फरक मोठ्या प्रमाणात पडला, असे दिसून आले. आपण भात खातो तो त्या एका अक्षराच्या जोरावर, असे म्हणायला हरकत नाही.

रानटी धान मात्र स्वस्थ बसले नाही. ते शेतात शिरते, लागवडीच्या धानाशी त्याचा संकर होतो, आणि पिकात गळक्या धानाचे तण माजते. छत्तीसगडात त्याला करगा म्हणतात. शेतकरी निंदणीला बसतो, वेगळे दिसणारे झाड उपटतो. म्हणजे धानासारखे न दिसणारे मरते, हुबेहूब धानासारखे दिसणारे वाचते. पिढ्यान्‌पिढ्या असे झाल्यावर तण इतके धानासारखे होते की लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. निंदणाऱ्या हातांनीच तणाला सोंग घ्यायला लावले! त्यावर छत्तीसगडात तोड निघाली ती जांभळ्या पानांच्या धानाची. पीक जांभळे, तेव्हा हिरवे दिसेल ते उपटा. आपल्याकडे रोवणी करणारे शेतकरी या तणापासून बरेच बचावले, कारण चिखलणी झालेल्या बांधीत रोपे हाताने ओळीत लागतात. आवत्या पद्धतीने, म्हणजे बी फेकून धान करणाऱ्याला हा त्रास जास्त.

म्हणून देवधान हे निव्वळ तण आहे का? तसे समजू नका. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात आणि आपल्याकडेही धानावर एका विषाणूचा रोग पडला. झाड खुरटे, गवतासारखे होऊन जाई आणि लोंबी भरत नसे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. त्या रोगाला दाद न देणारे एकच सापडले, आणि ते होते उत्तर प्रदेशातून गोळा केलेले वर्षायू रानटी धान, आपल्या तळ्याकाठच्या देवधानाचेच सख्खे. त्याचा गुण घेऊन नवे वाण तयार झाले. १९७६ चे आयआर-३६ हे त्यांतलेच, आणि ते पुढे कोट्यवधी एकरांवर पिकले. ज्या काठावरच्या गवताला आपण किंमत देत नव्हतो, त्याच्या नात्यातल्या एका मूठभर दाण्यांनी लोकांच्या ताटातला भात वाचवला.

आता दुःखाचा भाग सांगणे भाग आहे. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातली मालगुजारी संपली, आणि १९५१ पासून तळी सरकारकडे आली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली हे न्यायाचेच झाले. तिच्यात रयतेने सोसले ते थोडे नव्हते. पण तिच्याबरोबर एक शिस्तही गेली. पूर्वी दर उन्हाळ्यात गाव मिळून पाळ दुरुस्त करी, गाळ काढून शेतात टाकी. नंतर पाणी कोणाचे, पट्टी कोणी द्यायची, दुरुस्ती कोणी करायची, यावर वर्षानुवर्षे वाद चालले. वादात गाळ साचत गेला. तळी उथळ झाली आणि जी खोल, मधली, उथळ अशी वस्ती होती ती मोडली.

त्या मोडलेल्या घरात एक पाहुणा शिरला. दक्षिण अमेरिकेकडून आलेले, फिकट जांभळ्या फुलांचे ते झुडूप. आपण त्याला बेशरम म्हणतो, आणि नाव अगदी नेमके आहे. तोडून टाकलेला तुकडा ओल्या मातीत पडला की रुजतो. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, कारण ते विषारी. मूळ देशात त्याचे जे शत्रू होते ते इकडे आले नाहीत. पाण्यात उभे राहते आणि कोरड्यातही तग धरते. जुळवून घेण्याचा गुण म्हटला तर तोही मोठाच! पण त्याच्या दाटीत देवधान, लव्हाळे, कुमुदिनी यांना जागा उरली नाही. काठचे गवत गेले तशी माशांची अंडी घालण्याची जागा गेली, आणि गावठी मासळी कमी झाली. ढिवर बांधवांच्या जाळ्यात त्याचा परिणाम प्रथम दिसला. सारस पक्षी पाणथळीतल्या वनस्पतींचेच घरटे रचतो. महाराष्ट्रात आज तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूलाच थोड्या संख्येने उरला आहे.

पण उपायही याच मुलखात निघाला. भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी यांनी ढिवर मच्छीमारांबरोबर बसून तळ्यातल्या वनस्पतींची आणि माशांची माहिती गोळा केली. कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, कोणती वनस्पती किती पाण्यात येते, हे त्या म्हाताऱ्या मच्छीमारांना तोंडपाठ होते. मग उन्हाळ्यात बायकांनी आणि पुरुषांनी बेशरम मुळासकट खणून काढली, तळ्याचा तळ नांगरला, आणि पावसाच्या तोंडी दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. शेतात रोवणी करतात तशी ही तळ्यातली रोवणी! जिथे जिथे हे नेटाने झाले, तिथे गवत परतले आणि त्यामागून मासे परतले.

शिक्षकबंधूंना शेवटी एक छोटा प्रयोग सुचवतो. डार्विनने एकदा एका लहान तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल आणला. तो सहा महिने एका भांड्यात झाकून ठेवला आणि जे जे रोप उगवले ते मोजून उपटले. एका न्याहारीच्या पेल्यात मावेल एवढ्या त्या चिखलातून ५३७ रोपे निघाली. आपल्या शाळेजवळच्या बोडीतून वैशाखात वाटीभर कोरडा गाळ आणा. एका परातीत पसरा, पाणी शिंपडत जा, आणि मुलांना दररोज उगवलेली रोपे मोजायला लावा. एक परात बेशरम माजलेल्या तळ्याच्या गाळाची, दुसरी निर्मळ तळ्याच्या गाळाची, अशा दोन ठेवल्या तर फारच चांगले. वर्गातल्या फळ्यावर दोन रकाने आखा आणि आकडे लिहीत जा.

ज्या गाळाला आपण घाण म्हणून नाक मुरडतो, त्यात कोलू पाटलाच्या काळापासूनचे बी निजलेले असू शकेल. परातीत काय उगवते ते मुलांना आधी पाहू द्या. मग पाळीवर नेऊन तळे दाखवा, आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या ढिवराला बोलावून त्या रोपांची नावे विचारा. पुष्कळशी नावे कोणत्याही पुस्तकात सापडायची नाहीत. ती ऐकून वहीत उतरवून घ्या, एवढीच विनंती करून मी आपला निरोप घेतो.